मत गावात, माणूस फडात: मतदान कुठे आणि कसं व्हावं?

खडू_फळा

नमस्कार मंडळी. मी मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. नोकरीला वीसेक वर्षं झाली, त्यामुळे निवडणुकीची ड्युटी अंगवळणी पडली आहे. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेच्या मतदानाला मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात मतदान अधिकारी क्रमांक एक होतो. म्हणजे मतदारयादी माझ्यापुढे. माणूस आला की ओळखपत्र बघायचं, नाव आणि अनुक्रमांक मोठ्यानं वाचायचा, त्या नावावर लाल पेनानं रेघ मारायची. दिवसभर हेच.

दुपारी तीनच्या सुमाराला गर्दी ओसरली तेव्हा मी पानं मागं उलटून पाहिली. काही पानांवर एखाददुसरीच रेघ होती. एका घरातले नवरा, बायको, मोठा मुलगा, सून ही चारही नावं कोरी, आणि म्हातारीच्या नावावर तेवढी रेघ. पुढच्या घराचं तेच, त्याच्या पुढच्याही. समोर बसलेला पोलिंग एजंट म्हणाला, "सर, गाव गेलंय. दिवाळी झाली अन् टोळ्या हालल्या." सगळे ऊसतोडीला. कोणी सांगली-कोल्हापूरकडं, कोणी कर्नाटकात. कारखान्यांचा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि मतदान होतं २० ला.

त्याच वर्षी १३ मे ला लोकसभेला मी त्याच भागातल्या दुसऱ्या गावात होतो. तेव्हा टोळ्या परतल्या होत्या. संध्याकाळी सहा वाजता रांग इतकी लांब होती, की शेवटच्या माणसापासून पुढं चिठ्ठ्या वाटत यावं लागलं. माणसं तीच, गावंही तसलीच, फक्त महिना वेगळा. आणि त्या निवडणुकीत बीडचा निकाल लागला ६,५५३ मतांनी. अशा मतदारसंघात यादीतल्या कोऱ्या पानांची किंमत काय असेल ते तुम्हीच ठरवा.

एक गोष्ट मला तेव्हापासून सलते. माझं स्वतःचं मत मी गावाकडं देऊ शकत नव्हतो, कारण ड्युटी दुसऱ्या मतदारसंघात. पण प्रशिक्षणाच्या ठिकाणी सुविधा केंद्र होतं. तिथं मी टपाली मतपत्रिकेवर खूण केली, पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं. दहा मिनिटांचं काम. मी सरकारी कामासाठी घरापासून लांब असलो तर मत माझ्यापर्यंत येतं. उसाच्या फडात असलेल्या माणसापर्यंत का येत नाही?

निवडणूक आयोगानं २९ डिसेंबर २०२२ ला दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव आणला होता, आठवत असेल. २०१९ च्या लोकसभेला मतदान ६७.४ टक्के झालं, म्हणजे जवळपास ३० कोटी लोकांनी मत दिलं नाही, आणि त्यामागे स्थलांतर हे मोठं कारण आहे असं आयोगाचंच म्हणणं होतं. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचं मतदान होऊ शकेल अशी रचना. मतदारानं आधी नोंदणी करायची, केंद्रावर त्याच्या मतदारसंघाचं कार्ड यंत्राला दाखवायचं, की त्याच्याच मतदारसंघातल्या उमेदवारांची यादी पडद्यावर. १६ जानेवारी २०२३ ला आठ राष्ट्रीय आणि ५७ राज्यस्तरीय पक्षांना प्रात्यक्षिकाला बोलावलं होतं. विरोधी पक्ष म्हणाले आधी आमच्या प्रश्नांची उत्तरं द्या, आणि प्रात्यक्षिक राहूनच गेलं.

ते यंत्र पुन्हा पुढं आणावं, असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं? कृपया पक्षीय वाद नको.

विनातार

धागा आवडला सर. पण यंत्र तरी कशाला? मोबाईल आहे की सगळ्यांच्या हातात. बिहारच्या राज्य निवडणूक आयोगानं २८ जून २०२५ ला काही नगरपालिकांच्या निवडणुकीत ॲपवरून मतदान घेतलं. वृद्ध, अपंग, गर्भवती आणि स्थलांतरित मतदारांसाठी होतं ते. एस्टोनियात २००५ पासून इंटरनेटवर मतदान चालू आहे, आणि २०२३ च्या संसदेच्या निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं ऑनलाइन पडली. मी गेली दहा वर्षं याच क्षेत्रात आहे, तंत्र अवघड नाही.

सह्याद्रीवारा

तंत्र अवघड नसेल, पण त्यावर विश्वास बसणं अवघड आहे. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं २००९ साली तिथली मतदान यंत्रं घटनाबाह्य ठरवली. कारण काय दिलं? मतदानाचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला तज्ज्ञाच्या मदतीशिवाय पडताळता आले पाहिजेत. आपल्याकडं मत कोणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची छापील चिठ्ठी सात सेकंद दिसते, तरी सगळ्या चिठ्ठ्या मोजा म्हणून लोक सर्वोच्च न्यायालयात गेले होते. २६ एप्रिल २०२४ ला ती मागणी फेटाळली गेली, पण शंका काढणारे अजून काढतातच. मोबाईलवर तर चिठ्ठीही नाही.

एस्टोनियाचं उदाहरण देताना एक गोष्ट राहून जाते. तिथं मतदार पुन्हा पुन्हा ऑनलाइन मत देऊ शकतो, शेवटचं मोजतात. केंद्रावर जाऊन कागदावर मत दिलं तर ऑनलाइन मत रद्दच होतं. कोणी शेजारी बसून बटण दाबायला लावलं तर नंतर बदलता यावं म्हणून ही सोय. आपल्याकडं एका घरात एकच मोबाईल आणि तो कोणाच्या खिशात असतो हे काय वेगळं सांगायचं?

लांबचा_गाववाला

मी मूळचा यवतमाळचा, पुण्यात चौदा वर्षं. सरळ फॉर्म आठ भरला, नाव पुण्यात आणलं, संपलं. जिथं राहतो तिथलं पाणी पितो, तिथल्या रस्त्यानं जातो, मग मतही तिथंच द्यावं. एवढा खटाटोप कशाला?

कलम_वाचक

@लांबचा_गाववाला, तुमच्यासाठी ते बरोबरच आहे. तुम्ही पुण्याचे झालात. पण जो पाच महिने बाहेर आणि सात महिने घरी असतो, त्याचं काय? १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० म्हणतं, की तात्पुरतं बाहेर गेल्यानं माणसाचा 'सर्वसाधारण रहिवासी' हा दर्जा जात नाही. म्हणजे ऊसतोड कामगाराचं नाव गावच्या यादीत असणं हे कायद्यानं बरोबरच आहे. तो कारखान्याच्या गावात नाव घालायला गेला तर उलट पत्त्याचा पुरावा काय देणार? पाचटाची कोपी? त्याची शाळा, रेशन, घरकुल, रस्ता, सगळं गावाकडं आहे. बिहारमध्ये मतदारयादीच्या २०२५ च्या विशेष पुनरीक्षणात प्रारूप यादीतून जी ६५ लाख नावं बाहेर राहिली, त्यातली सुमारे ३६ लाख 'स्थलांतरित किंवा पत्त्यावर सापडले नाहीत' या सदरात होती. बाहेर कामाला असणाऱ्याची दोन्हीकडून कोंडी होऊ शकते, ती अशी.

आता मूळ धाग्याबद्दल. सर, तुमची तळमळ पोचली. पण दूरस्थ यंत्रावर माझा एक आक्षेप आहे, आणि तो यंत्राच्या खरेखोटेपणाचा नाही. समजा पुण्यातल्या एका दूरस्थ केंद्रावर गडचिरोलीतल्या एका मतदारसंघाचे तीन मतदार आले. त्या यंत्रातून त्या मतदारसंघाची तीन मतं निघणार. तिघांनी कोणाला दिलं ते गावाला कळायला किती वेळ लागेल? आजही मोजणी केंद्रनिहाय होते, त्यामुळं कोणत्या वस्तीनं कोणाला मतं दिली हे पुढाऱ्यांना पाठ असतं. कागदी मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजायची तरतूद होती. यंत्र आलं आणि ते गेलं. यंत्रांतली मतं एकत्र करून मोजणारं 'टोटलायझर' आणा, असं आयोगानं २००८ साली सुचवलं होतं. विधी आयोगानंही मार्च २०१५ च्या २५५ व्या अहवालात तीच शिफारस केली. केंद्र सरकारनं मान्य केलं नाही. हे आधी व्हायला हवं, मग दूरस्थ यंत्र.

सागरलाट

थोडं वेगळं, पण 'कुठे' याच प्रश्नाशी जोडलेलं. मुंबईत २० मे २०२४ ला लोकसभेला आम्ही उन्हात दोन-अडीच तास उभे होतो. माझ्या पुढच्या बाई चक्कर येऊन बसल्या, मग त्यांच्यासाठी कोणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणली. नोव्हेंबरात आमच्या सोसायटीच्याच हॉलमध्ये केंद्र आलं आणि पंधरा मिनिटांत मत देऊन मोकळी. आयोगानं आता एका केंद्रावरची मतदारांची मर्यादा १,५०० वरून १,२०० वर आणली आहे, त्याचाही उपयोग होईल. चांगला बदल आहे, आणखी व्हायला हवा.

फक्त एक. आमच्या मागच्या चाळीतल्या लोकांचंही केंद्र सोसायटीतच आलं होतं. गेटवरच्या वॉचमननं त्यातल्या दोघांना "कोणाकडं जायचंय?" म्हणून थांबवलं. मी तिथंच होते, मला फार लाज वाटली. मतदानाच्या दिवशी ते गेट आमचं नसतं, हे सोसायटीला लेखी बजावायला हवं होतं.

पाचट

खूप दिवसांनी लिहितेय. सर, तुम्ही ज्या यादीची पानं उलटली तसल्याच एका यादीत माझ्या आईवडिलांची नावं आहेत. मी आता औरंगाबादला (संभाजीनगरला) शिकते. बारावीपर्यंत दर हंगामात सुट्टी लागली की फडावर असायचे.

इथं कोणाला माहीत नसेल तर सांगते. नवरा-बायको मिळून एक कोयता. दहा-पंधरा कोयत्यांची टोळी. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो, म्हणजे आगाऊ पैसे, आणि ती हंगामभर टनावर फेडायची. एक दिवस कामावर नाही गेलं तर खाडा. खाड्याचे पैसे कापतात. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यायची असा कायदा आहे म्हणे, पण ज्यांचा पगारच नाही, टनावर हिशोब आहे, त्यांना ती कोण देणार?

२०२४ ला आमच्या टोळीतल्या काही जणांना मतदानासाठी गावी आणलं होतं. कोणी आणलं ते सांगायला नको. रात्री नऊला गाडी फडावर आली, पहाटे गावात, मत दिलं की दुपारी परत. आई आली होती. मी विचारलं, तुझ्या मनानं मत दिलंस का? म्हणाली, "ज्याच्या गाडीत बसले त्यालाच द्यायचं, नाहीतर ते खाल्लेल्या मिठाशी बेइमानी." माझी आई खोटं बोलत नाही आणि कोणाचं उधार ठेवत नाही. म्हणूनच ते मत तिचं राहिलं नाही. मतदारांना अशी वाहनं पुरवणं गुन्हा आहे हे मला नंतर कॉलेजमध्ये कळलं.

म्हणून मला वाटतं मत माणसाजवळ यायलाच हवं. पण सर, कारखान्यावर केंद्र ठेवायची मला भीती वाटते. तिथं सगळं कारखान्याचं असतं, जागा, वीज, पाणी, ट्रॅक्टर. मुकादमाला बावीस माणसं कुठं उभी आहेत हे कायम माहीत असतं. आणि साखर कारखाने कोण चालवतं, निवडणुका कोण लढवतं, हे मी तुम्हाला सांगायचं का? एका ओळीत टोळी उभी केली, मुकादम बाहेर विडी ओढत बसला, तर आत कितीही चांगलं यंत्र असू दे.

कलम_वाचक काका, तुमचा तीन मतांचा मुद्दा शहरासाठी बरोबर आहे, आमच्यासाठी नाही. टोळी एकाच गावातली नाहीतर शेजारच्या दोन गावांतली असते. एका कारखान्यावर आमच्या एकाच मतदारसंघातले शेकड्यानं लोक असतात. मतं ओळखू येतील ही अडचण तिथं कमी. अडचण माणसांची आहे.

आजीची_नात

पाचट, वाचून गलबलून आलं. तुझ्या आईचं वाक्य डोक्यातून जात नाही.

आमच्या आजीचा अनुभव लिहिते, कदाचित उपयोगी पडेल. वय ८९. घरून मत देण्यासाठीचा बारा डी नमुना भरून दिला होता. ही घरी मतदानाची सोय आधी ८० वर्षांवरच्यांना होती, मार्च २०२४ पासून ८५ वर आणि ४० टक्के अपंगत्व असलेल्यांना आहे. मतदानाच्या आठवडाभर आधी टीम आली. दोन अधिकारी, एक पोलीस, एक व्हिडिओ काढणारा, दोन पक्षांचे प्रतिनिधी. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. मी आजीजवळ थांबायला गेले तर अधिकारी म्हणाल्या, "ताई, त्यांना दिसतंय ना? मग तुम्ही स्वयंपाकघरात थांबा." कॅमेरासुद्धा आडोशाच्या मागे नेला नाही. आजीनं स्वतः घडी घातली, आतलं पाकीट, बाहेरचं पाकीट, सगळं स्वतः चिकटवलं. नंतर आम्ही विचारलं कोणाला दिलंस, तर म्हणाली, "तुम्हाला बाहेर काढलं होतं ना?"

त्यानंतर यादीत तिच्या नावापुढं टपाली मतपत्रिकेची खूण झाली, त्यामुळं २० तारखेला केंद्रावर तिच्या नावानं दुसऱ्या कोणाला मत देता आलं नसतं.

खडू_फळा

@आजीची_नात, हो, ती 'पीबी'ची (पोस्टल बॅलट) नोंद. आमच्या प्रतीत असते, तसं नाव आलं की मत देऊ देत नाही.

पाचट बेटा, तुझा प्रतिसाद तीनदा वाचला. कारखान्याच्या आवारातल्या केंद्राचा मी या बाजूनं विचारच केला नव्हता. मी फक्त अंतर बघत होतो.

आता एक सुचतंय. मत फडापर्यंत न्यायचं असं मी म्हणत होतो. त्याऐवजी माणूस निघायच्या आधीच ते त्याच्याकडून घेतलं तर? त्याच्याच तालुक्यात, गाडी भरायच्या आधी, आजींसारखंच टपाली मतपत्रिकेवर. गावात घर आहे, शेजार आहे, मुकादमही तिथं दहापैकी एक. कलम_वाचक, कायद्यात हे बसतं का?

कलम_वाचक

बसवता येतं. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६० क. सरकारशी विचारविनिमय करून आयोग एखाद्या वर्गाला टपाली मतदानासाठी अधिसूचित करू शकतो. ज्येष्ठ, अपंग, करोनाबाधित, अत्यावश्यक सेवेतले कर्मचारी हे सगळे याच दारानं आत आले. २०२४ ला मतदानाच्या बातम्या देणाऱ्या पत्रकारांनाही यातून मत देता आलं. त्यांच्यासाठी टपाली मतदान केंद्र असतं, मतदानाच्या आधी ठरलेले दिवस चालतं. नवा कायदा नको, ७२ मतदारसंघांचं यंत्रही नको. काश्मिरी विस्थापितांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत खास केंद्रं कित्येक वर्षं चालली आहेत, म्हणजे घर एकीकडं आणि मत दुसरीकडं याचीही सवय आयोगाला आहे.

आणि गुप्ततेचं म्हणाल तर टपाली मतं मतदारसंघाची म्हणून एकत्र मोजली जातात, गावाची म्हणून नाही. माझा आक्षेप इथं गळून पडतो, हे मान्य करतो.

अडचण तारखांची आहे. विधानसभेला उमेदवारी माघारीची मुदत ४ नोव्हेंबरला संपली. त्याआधी मतपत्रिकेवर नावं कोणाची छापणार? छपाई, तपासणी, वाटप धरून मतपत्रिका तालुक्याला येईपर्यंत तीन-चार दिवस तरी जाणार. टोळ्या कधी निघतात?

विनातार

माझं मोबाईलचं म्हणणं मागे घेतो. पाचट म्हणतात ती परिस्थिती मला माहीत नव्हती. पण नोंदणीसाठी तंत्र कामाला येईल. कोणत्या टोळीत कोण, कोणत्या गावचे, कधी निघणार ही यादी ऊसतोड कामगारांना ओळखपत्रं देताना ग्रामपंचायतीत होतेच ना? तीच बारा डी सारख्या अर्जाला जोडता येईल.

लांबचा_गाववाला

फॉर्म आठचं मी सहज बोलून गेलो. वाचतोय सगळं.

सह्याद्रीवारा

कल्पना चांगली आहे. पण गावातही दबाव असतो हे विसरू नका. उचल घेतलेली आहे आणि फेडायची आहे, ते गावातही बदलत नाही. टपाली केंद्र गावात नको, तालुक्याच्या ठिकाणी ठेवा, आणि सकाळी आठ ते रात्री आठ ठेवा, म्हणजे कोण कधी गेलं हे कोणी मोजत बसणार नाही. बायकांसाठी वेगळी रांग आणि आत बाई अधिकारी हवीच.

खडू_फळा

पाचट, तुला जमेल तर एवढं सांग. २०२४ ला तुमच्या गावातून गाड्या कोणत्या तारखेला हलल्या? एक-दोन दिवसांच्या फरकानं चालेल. मी माझ्या शाळेच्या हजेरीपटावरून बघतोय. आमच्याकडं पोरं भाऊबीजेनंतर, ३ तारखेपासून गळायला लागली, पण बरीचशी ११ तारखेपर्यंत वर्गात होती. दिवाळीची सुट्टी असल्यानं आकडा पक्का नाही. मी अजून चार शाळांच्या शिक्षकांना विचारतो. तारखा हातात आल्या की कलम_वाचक, आपण अर्जाचा मसुदा करू या का? मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडं साध्या पोस्टानं पाठवला तरी चालेल.

कलम_वाचक

करू या. मसुदा मी लिहितो, गावांची माहिती तुम्ही भरा.

पाचट

सर, आईला फोन केला होता. आमची गाडी ९ नोव्हेंबरला पहाटे निघाली. शेजारच्या वस्तीतली ७ ला गेली होती, कर्नाटकातली. वरच्या तांड्यावरच्या दोन टोळ्या मात्र १२ नंतर गेल्या. आई म्हणाली ८ तारखेला तालुक्याला बाजार होता, सगळे जण तिथं होतेच. कोयत्याला धार लावायला, ताडपत्री घ्यायला, पोरांना स्वेटर घ्यायला. त्या दिवशी तिथं मत घेतलं असतं तर ती बाजार करून जाताना देऊन आली असती.